तीन साचे, एक स्टॉपवॉच आणि बंद पडलेला आयडी

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर चहा घेऊन बसा, नसेल तर सेव्ह करून ठेवा आणि निवांत वाचा.

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या गल्लीतला एक पोरगा दारात येऊन उभा राहिला. नाव लिहीत नाही, कारण त्याला अजून तिथंच काम करायचंय. वय चोवीस, बी.कॉम. झालेला. एका पार्सल कंपनीची खोकी मोटरसायकलवर लादून कऱ्हाडपासून वरच्या वाड्यांपर्यंत पोचवतो. गाडीचा हप्ता, पेट्रोल, आईचं औषधपाणी, सगळं त्याच्यावर.

"काका, माझा आयडी बंद पडलाय."

सकाळी ॲप उघडलं तर लाल पट्टी. खातं तात्पुरतं थांबवलंय, एवढंच. कारण नाही, सही नाही, कुणाचं नाव नाही. डेपोतल्या सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, "सिस्टिमनं केलंय, माझ्या हातात काय नाय." पोरानं ॲपवरच्या चॅटवर लिहिलं, तर तीन सेकंदांत उत्तर आलं की आपल्या तक्रारीची नोंद झाली आहे. तीन सेकंदांत! आमच्या पंचायत समितीतसुद्धा आवक-जावकचा शिक्का मारायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

त्याचं त्यानंच शोधून काढलेलं कारण असं. आदल्या आठवड्यात घाटात दरड आली होती, रस्ता चार दिवस बंद. वरच्या वाड्यांची पार्सलं उशिरा गेली, काही परत आली. त्याचे गुण घसरले आणि एका ठरावीक रेषेच्या खाली गेल्यावर सिस्टिमनं त्याला बाजूला काढलं. दरडीचे फोटो त्याच्याकडं होते. दाखवायचे कुणाला?

मी वीस वर्षं बातमीदारी करतोय. तहसीलदार, पीआय, कारखान्याचे एमडी, बांधकाम खात्याचे अभियंते, कुणालाही फोन लावता येतो. उत्तर मिळेलच असं नाही, पण फोन उचलणारा माणूस तरी असतो. इथं मात्र जाब विचारायचा कुणाला, तेच कळेना. त्या रात्री झोप आली नाही म्हणून वाचायला लागलो आणि मग महिनाभर वाचतच राहिलो. ते सगळं इथं मांडतोय.

आधी त्या शब्दाचं बघू. अल्गोरिदम. शब्द भारी आहे, पण अर्थ साधा. माहिती घ्यायची, ठरलेल्या नियमांनी हिशोब करायचा, निकाल द्यायचा. कामाच्या ठिकाणी हा हिशोब ठरवतो की आज काम कुणाला, किती वेळात, किती पैशांत, आणि उद्यापासून कोण नको. पूर्वी हे मुकादम करायचा. मुकादम चांगला होता असं मी म्हणत नाही, त्याला दस्तुरी द्यावी लागायची. पण तो दिसायचा.

आणि ही भानगड कॉम्प्युटरबरोबर आली असं समजू नका. तिचं मूळ शोधत मागं गेलो तर पोचलो थेट १९११ साली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वॉटरटाउन नावाच्या गावात. तिथं लष्कराचा शस्त्रास्त्रांचा सरकारी कारखाना होता.

त्या काळात फ्रेडरिक टेलर नावाच्या इंजिनिअरची हवा होती. कामाचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा स्टॉपवॉचनं मोजायचा, त्यातून कामाची एकच योग्य पद्धत काढायची आणि त्याप्रमाणं मजुरी बांधायची, ही त्याची पद्धत. त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे लोखंडाच्या लाद्या उचलणारा एक मजूर. टेलर त्याला 'श्मिट' म्हणतो. हा गडी दिवसाला साडेबारा टन माल उचलायचा, टेलरच्या पद्धतीनं तो ४७ टनांपर्यंत गेला. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. आता बोटं मोडा. माल जवळजवळ चौपट, मजुरी दुपटीलाही कमी. टेलर हे अभिमानानं सांगतो.

वॉटरटाउनच्या कारखान्यात ही पद्धत आणायचं ठरलं. ऑगस्ट १९११ मध्ये ओतकाम विभागात स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा राहिला. तिथले साचेकार, म्हणजे वाळूत साचा करून त्यात धातू ओतणारे कारागीर, मुरलेले लोक होते. मोजणाऱ्यानं एका कामाला २४ मिनिटं ठरवली. त्याला माहीत नव्हतं की त्याच वेळी एक जुना साचेकार आपल्या साध्या घड्याळावर तेच काम मोजत होता. त्याच्या हिशोबानं लागली ५० मिनिटं.

मला विचाराल तर कामाच्या ठिकाणच्या अल्गोरिदमचा जगातला पहिला ऑडिट हाच. कुठली समिती नाही, कन्सल्टंट नाही. रोज ते काम करणारा एक माणूस आणि त्याच्या खिशातलं घड्याळ.

दुसऱ्या दिवशी एका कामगारानं माझं काम मोजू देणार नाही म्हणून सांगितलं, त्याला काढून टाकलं, आणि सगळे साचेकार बाहेर पडले. साधारण आठवडाभरानं चौकशीच्या आश्वासनावर परत आले. त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहानं या पद्धतीची चौकशी करायला खास समिती नेमली. अध्यक्ष विल्यम विल्सन, लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला माणूस, पुढं अमेरिकेचा पहिला कामगारमंत्री झाला. त्या समितीपुढं जानेवारी १९१२ मध्ये टेलरला चार दिवस प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली. खाणीत कोळसा फोडलेला माणूस 'वैज्ञानिक व्यवस्थापना'च्या जनकाला विचारतोय की तुमचं विज्ञान माणसाचा थकवा कशात मोजतं. मी तिथं असतो तर पदरचे पैसे घालून बातमी पाठवली असती.

त्यापाठोपाठ सरकारच्या औद्योगिक संबंध आयोगानं शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट हॉक्सी या अर्थशास्त्रज्ञाला अभ्यासाला लावलं. त्याच्याबरोबर दोन माणसं दिली, एक मालकांची बाजू समजणारा आणि दुसरा कामगारांचा. हा दुसरा जॉन फ्रे, म्हणजे साचेकारांच्या संघटनेच्या मासिकाचा संपादक. ज्यांचं काम मोजलं गेलं त्यांच्याच धंद्यातला माणूस मोजणी तपासायला! तिघांनी ३५ ठिकाणी जाऊन पाहणी केली. १९१५ मध्ये निष्कर्ष आला. पद्धतीत चांगल्या गोष्टी आहेत असं हॉक्सी म्हणतो. पण वेळमोजणीला विज्ञान म्हणवत नाही, कारण कुणाला निवडून मोजायचं, विश्रांतीसाठी किती सूट धरायची, कुठली वेळ 'नेहमीची' मानायची, हे सगळं मोजणाऱ्याच्या मर्जीवर आहे. आकडा घड्याळातून येतो, पण घड्याळाच्या मागं माणूस असतो. त्याच वर्षी अमेरिकन संसदेनं लष्करी कारखान्यांच्या पैशातून स्टॉपवॉचनं कामगारांची मोजणी करायला बंदी घातली. ती १९४९ पर्यंत टिकली.

आता म्हणाल, अमेरिकेचं काय सांगतोस, आपलं सांग. सांगतो, कारण टेलरचं हे वारं फिरत फिरत आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावर आलं होतं.

आमच्या पाटण-कऱ्हाडकडची निम्मी घरं एके काळी मुंबईच्या मनिऑर्डरवर चालायची. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते, चाळीसच्या दशकात गेले. लहानपणी त्यांच्या तोंडून ऐकलेले शब्द अजून कानात आहेत. खाडा, बदली, जॉबर, साचे. साचे म्हणजे माग. "दोन साच्यांवर होतो," असं ते सांगायचे. आणि कुणी तिसऱ्या साच्याचं नाव काढलं की, "तीन साच्यांवरनं केवढं रान पेटलं होतं, आमच्या आधीच्या लोकांना विचार," असं म्हणायचे. ते रान म्हणजे १९२८ चा संप.

गिरणीमालकांना जपानी मालाची स्पर्धा झोंबत होती. उपाय म्हणून 'कार्यक्षमता' पद्धत आली. सुरुवात ससून गटाच्या गिरण्यांत. दोन साचे चालवणाऱ्या विणकरानं तीन चालवायचे, सूतकताईत एक बाजू सांभाळणाऱ्यानं दोन. कागदावर हिशोब बिनचूक होता. पण कामगारांचं म्हणणं असं की तुम्ही कापूस हलका वापरता, सूत वारंवार तुटतं, तुटलेला धागा जोडण्यात आमचा जीव जातो, मग तिसऱ्या साच्याकडं बघायचं कुणी? शिवाय तिघांचं काम दोघांत झालं तर तिसरा गेला कुठं? तिसरा गेला गावाला. आमच्याकडं.

२६ एप्रिल १९२८ ला सार्वत्रिक संप सुरू झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. पाच महिन्यांहून जास्त, ६ ऑक्टोबरपर्यंत चालला. मुंबईत राहून खाणार काय, म्हणून हजारोंनी कोकण आणि घाटाची वाट धरली. संप चालू असतानाच मे महिन्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर एका बाजूला, ना. म. जोशींसारखे मवाळ दुसऱ्या बाजूला, पण संप समितीत सगळे एकत्र. आणि संप मिटला तो कशावर? चौकशीवर. न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. मालकांची वेतनाची नवी कोष्टकं, नवे नियम, तीन साच्यांची पद्धत, सगळं तिच्यापुढं आलं. कामगारांच्या पुढाऱ्यांनी मालकांच्या कोष्टकांवर ओळीओळीला वाद घातला.

म्हणजे १९२८ साली मुंबईत, इंग्रजांच्या राज्यात, गिरणी कामगाराला एवढं तरी मिळालं होतं की तुम्ही ज्या गणितानं माझी मजुरी ठरवता ते टेबलावर ठेवा. आमच्या गल्लीतल्या पोराला आज तेवढंही नाही.

समितीनं कामगारांना सगळं दिलं असं मात्र नाही. कार्यक्षमतेच्या तत्त्वाला तिनं नकार दिला नाही. अहवाल आला मार्च १९२९ मध्ये आणि त्याच महिन्यात मीरत कटाच्या खटल्यात डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर यांना उचललं. अहवालावर भांडायचं कुणी? त्या वर्षी पुन्हा संप झाला, तो मोडला.

आणखी एक गोष्ट त्या कोष्टकांत कुठंच नव्हती. विणखात्यात धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, म्हणून तिथं अस्पृश्य कामगारांना उभं करत नसत. जास्त पगाराचं खातं त्यांना बंद. डॉ. आंबेडकरांनी संपाच्या काळात हा प्रश्न लावून धरला आणि पुढाऱ्यांना तो टाळणं अवघड केलं. दोन साचे की तीन यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना, साच्यापर्यंत पोचूच न शकणारा माणूस आकडेवारीत दिसत नव्हता. आजही एखादी सिस्टिम तपासताना लोक आत असलेल्यांचे आकडे बघतात. दारातूनच परत गेलेल्यांची नोंद कोण ठेवतो?

हे झालं घड्याळ आणि कोष्टकांच्या काळातलं. आता कॉम्प्युटरच्या काळात येऊ. यातली मला सगळ्यात भयंकर वाटलेली गोष्ट इंग्लंडमधल्या पोस्ट ऑफिसची आहे. ती आधी ऐकली असेल तरी परत वाचा.

तिथं गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसं कंत्राटावर चालतात. बहुतेक वेळा किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात काउंटर. चालवणारे सब-पोस्टमास्टर म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे लोक. १९९९ पासून त्यांच्याकडं 'होरायझन' नावाची हिशोबाची कॉम्प्युटर सिस्टिम आली, फुजित्सू कंपनीची. आणि काउंटरवर तूट दिसायला लागली. संध्याकाळी रोकड मोजावी तर सिस्टिम म्हणते चार हजार पौंड कमी. करारात लिहिलेलं की तूट आली तर भरून द्यायची तुम्ही. लोकांनी घर गहाण टाकलं, नातेवाइकांकडून उसने घेतले, भरले. पुन्हा तूट. हेल्पलाइनवर फोन केला तर अनेकांना सांगण्यात आलं की असा त्रास तुम्हालाच होतोय, बाकी कुणाची तक्रार नाही.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्हालाच होतोय.

पोस्ट ऑफिसनं या लोकांवर चोरी आणि खोट्या हिशोबाचे खटले भरले. सगळे मिळून नऊशेहून जास्त लोकांना शिक्षा झाल्या. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाईंना २०१० साली १५ महिन्यांचा तुरुंगवास झाला. त्या गरोदर होत्या आणि निकालाच्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. पुढं झालेल्या सार्वजनिक चौकशीच्या अहवालात लिहिलंय की या प्रकरणामुळं किमान १३ जणांनी जीव दिला असण्याची शक्यता आहे.

यात कायद्याची एक बाजू आहे, तिकडं फार कुणाचं लक्ष जात नाही. इंग्लंडच्या १९८४ च्या एका कायद्यात तरतूद होती की कॉम्प्युटरचा कागद पुरावा म्हणून आणायचा तर तो कॉम्प्युटर नीट चालत होता हे आधी दाखवा. १९९९ मध्ये ही तरतूद रद्द केली गेली, २००० पासून ती उठली. त्यानंतर कोर्टानं गृहीत धरायचं की यंत्र बरोबर आहे, चूक असेल तर आरोपीनं दाखवावी. नेमकी तीच वर्षं होरायझन गावोगाव बसवण्याची. किराणा दुकानातल्या बाईनं फुजित्सूच्या सॉफ्टवेअरमधली चूक कशी दाखवायची?

वाचा फोडली ती एका व्यावसायिक मासिकानं. 'कॉम्प्युटर वीकली'नं मे २००९ मध्ये सात सब-पोस्टमास्टरांच्या कहाण्या छापल्या. मोठ्या पेपरांनी फारसं लक्ष दिलं नाही. (आमच्या धंद्याची ही जुनी खोड आहे, त्यात मी पण आलो.) पण त्या कहाण्या वाचून लोकांना पहिल्यांदा कळलं की आपण एकटे नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲलन बेट्स यांच्या पुढाकारानं फेनी कॉम्प्टन नावाच्या खेड्यातल्या सभागृहात ही माणसं जमली. बेट्स स्वतः वेल्समधल्या एका किनाऱ्यावरच्या गावात पोस्ट चालवायचे. हिशोब मान्य नाही म्हणून भांडले आणि २००३ मध्ये त्यांचं कंत्राट गेलं होतं. त्या खेड्यातल्या हॉलमध्ये एकेकानं उठून आपली तूट सांगितली आणि सगळ्यांची गोष्ट एकच निघाली.

पोस्ट ऑफिसनं सिस्टिम तपासलीच नाही का? तपासली. २०१२ मध्ये 'सेकंड साइट' नावाच्या स्वतंत्र तपासनिसांना नेमलं. ते खरोखर तपासायला लागले, फायली मागायला लागले. २०१५ मध्ये त्यांचं काम संपवून टाकलं. ज्याची चौकशी त्यानंच चौकशी करणाऱ्याला नेमायचं आणि त्यानंच काढायचं, याचा शेवट दुसरा काय होणार! सहकारातल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

शेवटी ५५५ जण मिळून कोर्टात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला की होरायझनमध्ये दोष होते आणि त्यामुळं शाखांच्या हिशोबात तूट दिसू शकत होती. बाहेरून त्या हिशोबात हात घालता येत होता हेही सिद्ध झालं, जे वर्षानुवर्षं नाकारलं गेलं होतं. डिसेंबर २०२० पासून शिक्षा रद्द व्हायला लागल्या. २०२४ च्या जानेवारीत टीव्हीवर मालिका आली, देश पेटला आणि मे २०२४ मध्ये संसदेनं कायदा करून शेकडो शिक्षा एकदम पुसल्या. पहिल्या तक्रारीपासून वीसेक वर्षं.

होरायझनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे काही नव्हतं. साधी बेरीज-वजाबाकी होती. म्हणून कुणी 'एआयचे धोके' यावर भाषण द्यायला लागला की मला हे दुकानदार आठवतात. यंत्र हुशार आहे की मठ्ठ, हा प्रश्न नंतरचा. त्याच्यावर शंका घ्यायचा हक्क कुणाला आहे, तिथं सगळं अडतं.

आता आपल्या मातीत येतो. कामाचं मोजमाप आमच्या आया-आज्यांना नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळात आख्खी गावं खडी फोडायला आणि पाझर तलावावर गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, १९७९ पासून लागू. तिथं मजुरी कामाच्या मापानं मिळायची. खणताना मधे मातीचा एक खांब तसाच ठेवायचे, खोली मोजायला. टेप लावणारा कारकून लबाडी करायचा नाही असं नाही. पण बायका त्या खांबापाशी उभ्या राहून त्याच्याशी भांडायच्या. "धर की टेप नीट, वरनं धर." मी हे लहानपणी बांधावर बसून ऐकलंय. मोजमाप डोळ्यांसमोर व्हायचं आणि मजुराला ते समजायचं.

पुढं केंद्राच्या रोजगार हमीत हजेरीसाठी एनएमएमएस नावाचं ॲप आलं, २०२१ मध्ये. जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामं सोडून सगळीकडं सक्तीचं झालं. दिवसातून दोनदा कामाच्या जागेवरून, ठिकाणाच्या खुणेसह मजुरांचा फोटो चढवायचा. हेतू चांगलाच होता, खोटी हजेरी थांबवणं. डोंगरी भागात रेंजचं काय, काम मापानं असताना दुपारच्या फोटोसाठी मजुरानं थांबायचं का, हे प्रश्न मजुरांच्या संघटनांनी पहिल्यापासून विचारले. आणि जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानंच राज्यांना कळवलं की ॲपचा गैरवापर होतोय. फोटोचेच फोटो काढून चढवले जातायत, कामाशी संबंध नसलेले फोटो येतायत, माणसं आणि हजेरी जुळत नाही. उपाय काय? तर हे फोटो माणसांनी तपासायचे, ग्रामपंचायत पातळीवर शंभर टक्के. म्हणजे माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणलं आणि यंत्रावर विश्वास नाही म्हणून परत माणूस बसवला. मधल्या काळात त्याचा परिणाम कुणावर काय झाला, ते त्या कामावरच्या बायकांना विचारून कुणी लिहून काढलं असतं तर हे कितीतरी आधी कळलं असतं.

बाहेरच्या जगात थोडं पुढं सरकलंय. इटलीत बोलोन्याच्या कोर्टानं २०२० च्या शेवटच्या दिवशी डिलिव्हरू कंपनीच्या बाबतीत निकाल दिला. रायडरनं ऐनवेळी पाळी सोडली की त्याचा क्रमांक घसरायचा, मग तो आजारी असो, संपावर असो की नुसता कंटाळलेला. यंत्राला फरक कळत नव्हता, आणि कोर्टानं तेच चुकीचं ठरवलं. दरडीचे फोटो घेऊन फिरणाऱ्या आमच्या पोराला हा निकाल वाचून दाखवला तेव्हा म्हणाला, "काका, तिकडं पण दरड येती का?" स्पेननं २०२१ मध्ये कंपन्यांना भाग पाडलं की अल्गोरिदम कुठल्या गोष्टी धरून निर्णय घेतो ते कामगारांच्या प्रतिनिधींना सांगा. युरोपियन युनियनच्या २०२४ च्या निर्देशात तर स्पष्ट आहे की खातं बंद करायचा निर्णय माणसानंच घ्यायचा. शिवाय अशा सिस्टिमचा परिणाम निदान दोन वर्षांतून एकदा तपासायचा, कामगारांच्या प्रतिनिधींना बरोबर घेऊन. सदस्य देशांना डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे.

आपल्या देशात राजस्थाननं २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला, कर्नाटकानं २०२५ मध्ये. कर्नाटकच्या कायद्यात काढायच्या आधी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस आहे, आणि स्वयंचलित निर्णय कसे होतात ते सांगायचं बंधनही. गंमत बघा, सरकार, मालक आणि कामगार यांचं मिळून मंडळ करायचं ही जी कल्पना आज तिकडं वापरतायत, ती आपली आहे. १९६९ चा माथाडी कायदा. आणि माथाडींना उभं करणारे अण्णासाहेब पाटील कुठले? पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. इथून अर्ध्या-पाऊण तासावर.

थोडं माझंही सांगतो, नाहीतर दुसऱ्यांच्या दुखण्यावर बोलतोय असं वाटेल. मी ज्या पोर्टलला बातम्या देतो (नाव विचारू नका, पोटावर येईल), तिथं दीड वर्षापासून मानधन 'परफॉर्मन्स'वर आहे. दर सोमवारी एक तक्ता येतो. मागच्या महिन्यात उसात दिसलेल्या बिबट्याची बातमी ४१ हजार लोकांनी उघडली. धरणग्रस्तांच्या वसाहतीत सहा दिवस पाणी नाही, ही बातमी २१२ जणांनी. तक्त्यात पाण्याच्या बातमीपुढं लाल खूण होती आणि खाली सूचना की अशा विषयांवर वेळ कमी द्यावा. ही सूचना कुणी लिहिली म्हणून विचारलं, तर डेस्कवरचा पोरगा म्हणाला, "सर, ती आपोआप येते." पाणी त्या बातमीनंतर दोन दिवसांनी आलं. ते तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहायचं, हे मी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर मी बिबट्याच्या दोन बातम्या दिल्या आहेत.

त्या पोराचं काय झालं? अकराव्या दिवशी सकाळी ॲप उघडलं तर आयडी सुरू. का बंद झाला होता ते सांगितलं नाही, का सुरू झाला तेही नाही. अकरा दिवसांची कमाई गेली. तो खूश होता. मला म्हणाला, "जाऊ द्या काका, आता कशाला उकरायचं, परत बंद झाला तर?"

पण त्यानंतर एक झालं. ही गोष्ट मी चौकात दोन-तीन ठिकाणी बोललो, तर माणसं निघायला लागली. प्रवासी गाडी चालवणारा एकजण, ब्यूटी पार्लरची घरपोच सेवा देणारी एक ताई, गोदामात पॅकिंगला असलेले दोघे, एका फायनान्स कंपनीचा वसुलीवाला. प्रत्येकजण सुरुवात एकाच वाक्यानं करतो, "माझंच असं झालं बहुतेक."

तर रविवारी सकाळी दहा वाजता नगर वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसतोय. पक्ष नाही, संघटना नाही, हारतुरे नाहीत. आत्तापर्यंत नऊजण येतो म्हणालेत. कुणाची नावं बाहेर जाणार नाहीत. तारीख, वेळ, ॲपवर काय आलं आणि त्या दिवशी रस्त्यावर प्रत्यक्ष काय होतं, एवढं एका वहीत लिहून काढायचंय. स्क्रीनशॉट असतील तर पुसू नका. फोन चार्ज करून आणा, वरच्या खोलीत प्लग एकच आहे.